असाइनमेंटच्या शेजारीच ग्रंथालय: मूडल आणि क्लासरूममध्ये संदर्भ शोधायला कसे शिकवावे

बहुतेक महाविद्यालयांत ग्रंथालयाची ओळख वर्षाच्या सुरुवातीला करून दिली जाते. प्रथम वर्षाची मुले सभागृहात बसतात, ग्रंथपाल ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकीय सूची दाखवतात, एन-लिस्ट या ई-पुस्तके व ई-नियतकालिकांच्या योजनेचे नाव सांगतात, नियम वाचून दाखवतात आणि तासाभरात सगळे पांगतात. त्या दिवशी कोणालाच काही शोधायचे नसते. शोधायची वेळ येते ती सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, रात्री, मोबाइलवर. तेव्हा मुलांसमोर मूडल किंवा गूगल क्लासरूम या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्लॅटफॉर्मवरचे असाइनमेंटचे पान उघडे असते आणि त्या पानावर ग्रंथालयाचा मागमूसही नसतो.

ते पान कसे बदलावे हे इथे सांगतो आहे. नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल आणि संदर्भसूची पाहून हताश होणारे प्राध्यापक, दोघांसाठीही. माझे ठाम मत असे की 'ग्रंथालय परिचय' नावाचा वेगळा ऑनलाइन कोर्स काढून फारसे काही साधत नाही. मुले त्याकडे फिरकत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही, कारण त्यांच्या डोक्यात तेव्हा कुठलाच प्रश्न नसतो. तोच मजकूर विषयाच्या कोर्सात, असाइनमेंटच्या शेजारी, योग्य आठवड्यात आणि थोड्या गुणांसह ठेवला की मुले तो वाचतात आणि वापरतात.

१. एक असाइनमेंट निवडा

पहिल्या वर्षी सगळे महाविद्यालय अंगावर घेऊ नका. एक विषय, एक प्राध्यापक, एक असाइनमेंट पुरे. ती निवडताना आधी हे पाहा की तिला बाहेरचे वाचन खरोखर लागते का. प्रश्नपेढीतली उत्तरे उतरवून आणायची असतील तर तिथे तुमचे काम नाही. प्राध्यापक स्वतः मूडल किंवा क्लासरूम नियमित वापरतात का, हेही पाहा. नाहीतर तुमचे पान ओसाड गावातल्या पाटीसारखे राहील. आणि सबमिशनला निदान पाच-सहा आठवडे हातात हवेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन करायचा प्रकल्प, आला आहे. सुरुवातीला त्याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

निवड झाली की मागच्या वर्षीची सबमिशने मागून घ्या आणि फक्त शेवटची पाने वाचा. संदर्भसूची म्हणून 'गूगल' किंवा 'इंटरनेट' एवढेच लिहिलेले सापडेल. परीक्षेची गाइडे सापडतील, न उघडणारे दुवे सापडतील. आणि अलीकडे एक नवा प्रकार सापडेल: लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण तसा लेख कधी छापलाच गेलेला नाही. चॅटबॉटने तो रचून दिलेला असतो आणि मुलाने विश्वासाने उतरवलेला असतो. या सगळ्याची एका तक्त्यात वर्गवारी करा. काय शिकवायचे याची यादी तिथेच तयार होते, आणि ती कुठल्याही परदेशी आराखड्यापेक्षा तुमच्या मुलांना जास्त लागू पडते.

मग प्राध्यापकांना भेटा. 'मला तुमच्या कोर्समध्ये जागा द्या' अशी मागणी करू नका, कारण त्यातून त्यांना वाढीव कामाचा वास येतो. 'मॅडम, मुलांच्या संदर्भसूच्या सुधाराव्यात म्हणून मी दोन छोटी कामे तुमच्या असाइनमेंटला जोडतो. तपासतोही मीच. वीसपैकी पाच गुण तेवढे त्यासाठी ठेवा,' असे म्हणा. 'तपासतोही मीच' या वाक्यावर बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. गुणांचा आग्रह मात्र सोडू नका. बिनगुणांचे काम ऐच्छिक ठरते, आणि ऐच्छिक काम ज्यांना त्याची सर्वात कमी गरज असते तीच मुले करतात.

विभागप्रमुख किंवा प्राचार्यांसमोर आधार लागला तर यूजीसीचे २०१८ चे शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम सोबत न्या. संस्थेने विद्यार्थ्यांना योग्य श्रेय कसे द्यावे हे शिकवावे, दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत आणि या तत्त्वांचा पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत समावेश करावा, असे त्यांत म्हटले आहे. तुम्ही जे करू पाहता ते त्याच जबाबदारीत बसते.

२. प्लॅटफॉर्मवर आत कसे शिरायचे

मूडलमध्ये तुम्हाला त्या कोर्सात 'टीचर' ही भूमिका लागते. 'नॉन-एडिटिंग टीचर' असाल तर तपासता येते, पण पान घालता येत नाही. काही ठिकाणी ॲडमिन ग्रंथपालांसाठी वेगळी भूमिका तयार करून देतात: मजकूर घालता येतो, पण इतर गुण दिसत नाहीत. ती मिळाली तर सर्वात उत्तम. क्लासरूममध्ये प्राध्यापक तुम्हाला सहशिक्षक म्हणून बोलावतात. सहशिक्षकाला वर्ग काढून टाकता येत नाही, बाकी जवळपास सगळे करता येते, गुणही दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवा की तुम्ही तुमच्या दोन कामांपलीकडे कशालाही हात लावणार नाही. हा विश्वास एकदा बसला की पुढची दारे आपोआप उघडतात.

तुमचा सगळा मजकूर मात्र स्वतःच्या एका मूळ कोर्सात ठेवा. मूडलमध्ये तिथून 'इम्पोर्ट' करता येते, क्लासरूममध्ये 'रियूज पोस्ट' आहे.

३. शिकवायचे किती

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने, एसीआरएलने, २०१६ मध्ये माहिती साक्षरतेचा एक आराखडा स्वीकारला. त्यात सहा सूत्रे आहेत. ग्रंथपालाने तो एकदा शांतपणे वाचावा. पण ती सूत्रे मुलांच्या पानावर चिकटवू नयेत. मुलांना चार गोष्टी लागतात: शोधायचे शब्द ठरवणे, कुठे शोधायचे ते ठरवणे, सापडलेले तपासणे, आणि वापरलेले नोंदवणे. एका सत्रात चारही नेटाने शिकवणे कठीण असते. दोनच निवडायच्या असतील तर मी शब्द आणि तपासणी निवडीन. बाकीच्या दोहोंसाठी एकेक साधे पान ठेवावे.

पुढे सोयीसाठी एकच उदाहरण घेऊ. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट, विषय 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर'.

४. कोणता धडा कोणत्या आठवड्यात

रटगर्स विद्यापीठातल्या कॅरल कुलथाऊ यांनी विद्यार्थी माहिती कशी शोधतात याचा दीर्घ अभ्यास केला. त्यात एक फार उपयोगी गोष्ट पुढे आली. विषय निवडल्यावर आत्मविश्वास चढत जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात विषय ठरल्यानंतर, वाचायला लागल्यावर, गोंधळ वाढतो आणि उमेद खचते. नेमका प्रश्न हाती लागेपर्यंत ती सावरत नाही. मदत हवी असते ती याच खळग्यात.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त एक ओळ आणि तुमची ओळख टाका. शब्दांचे काम दुसऱ्या आठवड्यात, विषय ठरल्यावर दोन-तीन दिवसांत द्या. शोधाची ठिकाणे त्याच्या लगेच मागे. तपासणीचे काम चौथ्या आठवड्यात, हातात काहीतरी साहित्य आल्यावर. संदर्भ लिहिण्याचे पान शेवटच्या आठवड्याआधी उघडू नका. आधी दिले तर हरवते. मूडलमध्ये 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस' वापरून तारखेनुसार पाने उघडता येतात. पहिले काम पूर्ण केल्याशिवाय मुख्य असाइनमेंटच उघडणार नाही, अशीही व्यवस्था करता येते. ती मी टाळीन. नेट गेले किंवा काम पूर्ण झाल्याची खूण उमटली नाही म्हणून एखाद्याचे सबमिशन अडले तर सगळा राग ग्रंथालयावर निघतो, आणि तो रास्तच असतो.

५. शब्दांचा धडा

मराठीतून विचार करणाऱ्या आणि दोन लिप्यांत शोधणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथे असते, आणि इंग्रजीतल्या तयार व्हिडिओंत तिचा उल्लेखही नसतो. म्हणून या धड्यावर सर्वात जास्त वेळ खर्च करा.

मुलगा असाइनमेंटचे पूर्ण शीर्षकच शोधचौकटीत टाकतो. गूगल काहीतरी आणून देते, पण महाविद्यालयाच्या ओपॅकमध्ये शून्य निकाल येतात आणि तो ठरवतो की आपल्या ग्रंथालयात काही नाही. त्याला शीर्षक फोडायला शिकवायचे. कोण? ऊसतोड कामगार. काय? हंगामी स्थलांतर. कुठे? बीड, मराठवाडा. आता प्रत्येक तुकड्याला पर्याय जोडायचे. 'ऊसतोड कामगार' हेच कुठे 'ऊसतोडणी मजूर' असते, कुठे 'ऊस तोड' असे सुटे, कुठे ऱ्हस्व उकाराने 'उसतोड'. या व्यवसायाची स्वतःची भाषा आहे: पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मजूर पुरवणारा 'मुकादम', आगाऊ घेतलेली रक्कम 'उचल'. गावाकडच्या मुलीला हे शब्द घरातून माहीत असतात, पण शोधात ते वापरावेत असे तिला कोणी सांगितलेले नसते. इंग्रजी लेखांतही कोयता आणि मुकादम हे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे येतात, आणि ते टाकले की नेमके याच विषयावरचे लेख वर येतात. हे वर्गात एकदा करून दाखवा. आपल्या घरातला शब्द संशोधनाच्या कामाचा आहे हे कळल्यावर त्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

इंग्रजी पर्यायही हवेत: शुगरकेन कटर्स, केन हार्वेस्टर्स, सीझनल मायग्रेशन, सर्क्युलर मायग्रेशन, डेट बाँडेज. शेवटचे दोन शब्द द्वितीय वर्षाच्या मुलाला सुचणार नाहीत. ते पहिल्या सापडलेल्या लेखाच्या सारांशातून उचलायचे असतात, हे त्याला दाखवा. एक चांगला लेख सापडला की पुढचे शब्द तोच पुरवतो.

गावांच्या नावांचा घोळ वेगळा. बीड जिल्ह्याचे नाव जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये 'भीर' असे आहे, २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत त्याचे स्पेलिंग एकाच 'आय'चे, आणि वर्तमानपत्रांत दोन 'ई'चे. एकच रूप टाकणाऱ्याला उरलेले साहित्य दिसत नाही.

मग विभक्ती. ओपॅकमध्ये शब्दाच्या शेवटी तारांकन लावून शोधता येत असेल तर 'कामगार' पुढे तारा लावला की 'कामगारांचे', 'कामगारांच्या' हे सगळे मिळते. पण 'पाणी' असे लिहून तारा लावला तर 'पाण्याचे' सुटते, कारण सामान्यरूपात शब्दाचे शेपूट बदलते. तिथे 'पाण' वर थांबून तारा लावावा लागतो. मराठीच्या शिक्षकांना सोबत घेतले तर ते हा भाग तुमच्यापेक्षा रंगवून शिकवतील.

टंकलेखनाकडेही लक्ष हवे. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ वाचता येतात, पण त्यांतला मजकूर शोधात सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचेही तेच. युनिकोडमध्येसुद्धा 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवले जाते, डोळ्यांना सारखे दिसते आणि यंत्राला वेगळे. आणि आपल्याकडच्या कित्येक ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची शीर्षके वर्षानुवर्षे रोमन लिपीत भरली गेली आहेत. तुमच्या ओपॅकमध्ये तसे असेल तर ते मुलांना स्पष्ट सांगा, आणि नोंदी सुधारायलाही लागा: मार्क या ग्रंथनोंदीच्या नमुन्यात २४६ क्रमांकाच्या फील्डमध्ये शीर्षकाचे दुसरे रूप देता येते. या असाइनमेंटला लागणारी पुस्तके आधी घ्या, सगळा संग्रह एकदम नको.

या धड्याचे काम म्हणजे एक तक्ता. वर तीन तुकडे, खाली मराठी पर्याय, इंग्रजी पर्याय, स्थानिक शब्द. क्लासरूममध्ये गूगल डॉकवर तो बनवा आणि 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत' हा पर्याय पोस्ट करण्याआधी निवडा. नंतर तो बदलता येत नाही, आणि मग सगळा वर्ग एकाच कागदावर खाडाखोड करू लागतो. मूडलमध्ये 'ग्लॉसरी' वापरली तर मुलांनी शोधलेले शब्द पुढच्या तुकडीलाही मिळतात. मला ती जास्त आवडते.

६. शोधायचे कुठे

इथे मोह आवरा. ग्रंथालयाचे चाळीस दुवे एका पानावर ओतले की ते पान निकामी होते. या असाइनमेंटला लागतील ती चार-पाच ठिकाणे द्या आणि प्रत्येकापुढे तिथे काय मिळेल ते एका वाक्यात लिहा.

आपले ओपॅक: पुस्तके, आणि विभागाने जपलेले जुने प्रोजेक्ट. शोधगंगा: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे प्रबंधांचे भांडार. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएचडीचे प्रबंध इथे येऊ लागले. प्रबंध प्रकरणांनुसार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. द्वितीय वर्षाच्या मुलाने अख्खा प्रबंध वाचायचा नसतो. साहित्याचा आढावा घेणारे प्रकरण आणि संदर्भसूची या दोन फायली उघडायच्या, हे त्याला सांगावे लागते. एन-लिस्ट: महाविद्यालय सदस्य असेल तर ई-पुस्तके आणि नियतकालिके, प्रत्येकाच्या स्वतःच्या युजर आयडीने. वन नेशन वन सबस्क्रिप्शन: केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली योजना, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी. आपले महाविद्यालय त्यात बसते का हे आधी तपासा आणि मगच दुवा द्या. गूगल स्कॉलर: इथे 'साइटेड बाय' कसे वापरायचे एवढे एकच शिकवा. एका लेखावरून त्याच्या नंतरच्या लेखांकडे जाण्याची ती सर्वात सोपी वाट आहे. विषयाची पहिली ओळख आणि पारिभाषिक शब्द हवे असतील तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे.

दुव्यांबाबत एक नियम कसोशीने पाळा. दुवा टाकल्यावर तो महाविद्यालयाच्या संगणकावर उघडून समाधान मानू नका. फोनवर, वायफाय बंद करून, कुठेही लॉगिन न केलेल्या खिडकीत उघडा. कित्येक डेटाबेसच्या ॲड्रेसबारमधला पत्ता तेवढ्या लॉगिनपुरताच असतो, दुसऱ्या दिवशी तो मरतो. नोंदीचा कायमचा दुवा किंवा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, वापरा. ओपॅक फक्त महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवर चालत असेल तर या पानामुळे ते सगळ्यांच्या नजरेस येईल, आणि ते बाहेरूनही उघडेल असे करून द्यावे ही तुमची जुनी मागणी पुढे रेटायला तेवढेच निमित्त मिळेल.

आणि सशुल्क नियतकालिकांच्या पीडीएफ उतरवून कोर्सात टाकू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे, पण डेटाबेसचा परवाना हा स्वतंत्र करार असतो. दुवा दिला की प्रश्न मिटतो, शिवाय वापराची आकडेवारीही तुमच्या महाविद्यालयाच्या नावे नोंदली जाते.

७. तपासणीचा धडा

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी इतिहासकार, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर यांना सारखीच संकेतस्थळे पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, मांडणी आणि मजकूर पाहत बसले. फॅक्टचेकर लगेच ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि 'या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात' ते पाहू लागले. तेच लवकर आणि अचूक निष्कर्षाला पोहोचले. म्हणून लांबलचक प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा एक सवय लावा: आधी पान सोडा, बाहेर पाहा, मग परत या.

आपल्या उदाहरणात याला फार चांगले साहित्य मिळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुलांना त्या काळातली एक बातमी द्या आणि विचारा: यातला आकडा कुठून आला? बातमीदाराने मोजला, एखाद्या संघटनेने सांगितला, की सरकारी पाहणीत आला? मूळ ठिकाणापर्यंत पोहोचा आणि दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवा. बातमीत 'महिला' असतात, पाहणीत 'पाहणी झालेल्या महिला' असतात. हा फरक ज्या मुलाच्या लक्षात आला त्याला संशोधन म्हणजे काय ते कळले. विषय माणसांच्या दुःखाचा आहे आणि वर्गात त्या घरांतली मुले असू शकतात. सूचना लिहिताना भाषा जपून वापरा.

चॅटबॉटच्या रचलेल्या संदर्भांसाठी वेगळे छोटे काम ठेवा. पाच संदर्भ द्या, त्यातले दोन तुम्ही बनवलेले. कोणते दोन, आणि कसे ओळखले, ते लिहायचे. डीओआय टाकून पाहायचा, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची, शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचे. बनावट संदर्भांत खऱ्या अभ्यासकाचे नाव वापरू नका, आणि काम संपल्यावर ते दोन बनावट होते असे त्याच पानावर ठळक लिहा, नाहीतर तेच पुढच्या वर्षीच्या सबमिशनमध्ये दिसतील. एआय वापरू नका असे फर्मान मात्र काढू नका. मुले ते वापरणारच, पडताळणी शिकलेली असली म्हणजे झाले.

८. काम कसे द्यावे, कसे तपासावे

'ओपॅक म्हणजे काय' असे चार पर्यायांचे प्रश्न क्विझमध्ये घालणे सोपे असते, कारण ते यंत्र तपासते. पण त्यातून मुलाला शोधता येते की नाही हे कळत नाही. क्विझ ठेवायचीच असेल तर प्रत्यक्ष शोधून उत्तर आणावे लागेल असे प्रश्न घाला.

माझा भर शोधनोंदीवर आहे. चार ओळी पुरतात: कोणते शब्द टाकले, कुठे टाकले, काय मिळाले, पुढच्या वेळी काय बदलले. असे तीन शोध. चौथ्या ओळीत विद्यार्थी दिसतो. 'खूप जास्त निकाल आले म्हणून बीड जोडले, मग फारच कमी झाले म्हणून मराठवाडा केले' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, त्याला शेवटी काही मिळाले नसले तरी. उत्तम लेख सापडला पण कसा ते सांगता येत नाही, त्याला कमी. हे निकष मूडल आणि क्लासरूम दोन्हींत रुब्रिक, म्हणजे गुणांचा तक्ता, म्हणून आधीच दाखवा.

साठ नोंदी तपासायला जितका वेळ लागेल असे वाटते तितका लागत नाही, कारण अडचणी पाच-सहाच असतात. पहिल्या पंधरा-वीस नोंदी वाचताना दिलेले शेरे एका फायलीत साठवा आणि पुढे तेच वापरा. प्रत्येक शेऱ्यात पुढचे पाऊल असू द्या: 'शब्द फार रुंद आहेत' एवढ्यावर थांबू नका, 'मुकादम हा शब्द जोडून पुन्हा पाहा' असे लिहा.

९. मजकूर लिहिताना

पान मोबाइलच्या पडद्यासाठी लिहा. व्हिडिओ हवेत, पण दोन-तीन मिनिटांचे, एका व्हिडिओत एकच कृती. अर्ध्या तासाचा व्हिडिओ कोणी पाहत नाही, आणि डेटाबेसचा चेहरामोहरा बदलला की तो सगळाच पुन्हा करावा लागतो. प्रत्येक व्हिडिओखाली तीच कृती मजकुरात लिहा: कमी डेटा असलेल्यांसाठी, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी. याच कारणासाठी सूचनांचा फोटो काढून टाकू नका, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. मूडलचे ॲप असेल तर मुलांना पाने वायफायवर उतरवून घेता येतात, ते त्यांना सांगा.

बटणांची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच द्या, बाकी समजावणे मराठीत. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही मराठी पान ठेवून पाहा, ते उघडले जाते.

१०. प्रश्न विचारायची जागा

असाइनमेंटच्या पानावरच 'संदर्भ सापडत नाही? इथे विचारा' असा एक फोरम ठेवा आणि उत्तर कधी मिळेल तेही लिहा, उदाहरणार्थ कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. मुले व्हॉट्सॲपवरच विचारतील. तिथे थोडक्यात उत्तर द्या, पण तोच प्रश्न नाव न घालता फोरमवर टाका आणि सविस्तर उत्तर तिथे लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही मिळते. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात ऑनलाइन एक तास राखून ठेवा. विद्यार्थी पडदा शेअर करून शोधतो, तुम्ही पाहता. ग्रंथालयाच्या टेबलापाशी येऊन विचारायला लाजणारी मुले इथे बोलतात.

११. सत्र संपल्यावर

नव्या सबमिशनची शेवटची पाने घ्या आणि मागच्या तक्त्याशी ताडून पाहा. नुसते 'गूगल' किती कमी झाले, प्रबंध आणि लेख किती आले, न सापडणारे संदर्भ किती उरले. हा एक पानाचा तक्ता प्राध्यापकांना द्या आणि त्यांच्याच तोंडून विभागाच्या बैठकीत मांडला जाऊ द्या. दुसऱ्या विभागाचे निमंत्रण त्यातून येते. आयक्यूएसीलाही, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षालाही, त्याची प्रत द्या, त्यांना अशा नोंदी हव्याच असतात.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूळ कोर्सातले सगळे दुवे एकदा फोनवरून उघडून पाहा. बदललेले पडदे असलेले व्हिडिओ काढून टाका, नवे होईपर्यंत मजकूर पुरतो. मूळ कोर्साचा बॅकअप स्वतःच्या ईमेलवर ठेवू नका, ग्रंथालयाच्या अधिकृत खात्यावर ठेवा, आणि कुठल्या कोर्सात कुठली पाने जोडली आहेत, ॲडमिन कोण, शेऱ्यांची फाइल कुठे, हे एका कागदावर लिहून सहायक ग्रंथपालांना दाखवून ठेवा. बदली किंवा निवृत्ती झाली तर पुढच्या माणसाला तिथूनच काम उचलता येईल.